आज कोण दिसला नाही?

आमच्या कोकणी जमातींची मोजदाद नेहमी दोन ठिकाणी करावी लागते. काही माणसे वरसे-रोह्यात, बाकीची कुवेत, दोहा, दुबईला. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामे निघाली आणि कितीतरी घरे अशी विभागली गेली. तेव्हा खैरियत पत्रातून यायची किंवा सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेतून, आवाज भरलेल्या कॅसेटमधून. ऐकेपर्यंत ती शिळी झालेली असे, पण सारे घर बसून ऐकत असे. आज मोहल्ल्याचा ग्रुप प्रत्येकाच्या खिशात आहे. दुआ, इंतकालच्या बातम्या, पाण्याच्या तक्रारी, सारे क्षणात पोहोचते. तरीही मला वाटते, निरोप वाढले तशी एकमेकांची जाण वाढली नाही.

दूरच्या माणसांना एकमेकांची जाण कशी राहावी, हा प्रोग्रॅम रचणाऱ्यांचा जुना प्रश्न आहे. झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पालो आल्टो आणि पोर्टलँड या शहरांतली आपली कार्यालये कॅमेऱ्यांनी सतत जोडून ठेवली होती. पलीकडे कोण आहे, कोण आले-गेले, हे सहज दिसावे एवढाच हेतू. २००० साली आयबीएमच्या थॉमस एरिक्सन आणि वेंडी केलॉग यांनी हाच विषय एका दाराच्या उदाहरणाने मांडला. जोरात उघडले की पलीकडच्याला लागणारे दार. ‘हळू उघडा’ अशी पाटी लावून उपयोग होत नाही. काच बसवली की होतो. मला तुम्ही दिसता, आणि मी तुम्हांला पाहिले हे तुम्हांलाही ठाऊक असते, म्हणून मी जपून वागतो. त्यांच्या ‘बॅबल’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये एक वर्तुळ होते. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. बोलणारा मध्याकडे येई, गप्प राहणारा हळूहळू कडेला सरके.

व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवातही अशीच आहे. २००९ साली यान कूम यांची पहिली कल्पना निरोपांची नव्हतीच. फोनमधल्या नावासमोर तो माणूस आत्ता काय करतो आहे ते दिसावे, एवढीच होती. पुढे निरोपांनीच सारी जागा व्यापली. २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या, २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ माणसांवर गेली. पण एवढ्या माणसांत जो बोलतो तोच दिसतो. गप्प झालेला कडेलासुद्धा दिसत नाही.

मशिदीत उलटे असते. फजरला नेहमीच्या कोपऱ्यात एखादे बुजुर्ग दिसले नाहीत, तर सलाम फिरवल्यावर कोणीतरी विचारतेच. मस्जिद-ए-नबवी झाडणारी एक स्त्री दिसेनाशी झाली, तेव्हा प्रेषित मुहंमद (स.) यांनी तिची चौकशी केली. तिचा इंतकाल झाला होता. लोकांनी मामुली बाब समजून कळवले नव्हते. ते तिच्या कबरीवर गेले आणि नमाज पढली. न दिसणाऱ्याची दखल घेणे ही आपल्याकडे सुन्नत आहे.

मग गप्प माणूस दाखवणारा ठिपका पुरेल का? आमच्या ओळखीतल्या एकाची आखातातली नोकरी गेली. चार महिने त्याने घरी कळू दिले नाही. ग्रुपवर मात्र दर शुक्रवारी न चुकता ‘जुम्मा मुबारक’ पाठवत होता, कोणाला शंका येऊ नये म्हणून. त्याचा ठिपका वर्तुळाच्या मधोमधच राहिला असता. ओळखले ते त्याच्या बालमित्राने. हा हल्ली आवाजात बोलत नाही, नुसती तयार चित्रे पाठवतो, एवढ्यावरून.

याचा अर्थ सगळे सगळ्यांना दिसावे असा नाही. एका खोलीत आठ जण राहणाऱ्याला कॅमेरा नको असतो. आपली तंगी हजार माणसांसमोर मांडली जाऊ नये हा त्याचा हक्क आहे. सतर फक्त अंगाची नसते, हालाचीही असते.

मी नववीच्या मुलांना विचारले होते, अब्बा जवळ वाटावेत म्हणून फोनमध्ये काय असावे? एक मुलगा म्हणाला, “ते झोपलेत की ड्युटीवर, एवढे दिसावे. म्हणजे उठवायला नको.” कुवेत आपल्या अडीच तास मागे आहे, त्याने हिशेब बरोबर धरला होता. एक मुलगी म्हणाली, “त्यांनी आज काय खाल्ले ते फक्त अम्मीला कळावे.” त्या ‘फक्त’ शब्दात रचना करणाऱ्यांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येकाने आपली तीन-चार माणसे निवडावीत. आपला आवाज थांबला तर खबर त्यांनाच जावी, जमातीला नाही. आणि त्यांत बायका असाव्यात. बहुतेक जमातींच्या ग्रुपवर त्या नसतात, आणि घरची खरी खबर त्यांच्याकडेच असते.

असा प्रोग्रॅम कोणी रचील तेव्हा रचील. तोवर जुम्याच्या नमाजेनंतर, या आठवड्यात कोणाचा आवाज ऐकला नाही, एवढे आठवायला काय हरकत आहे? आणि आठवले तर ग्रुपवर लिहू नये. त्याला एकट्याला फोन करावा.