उत्तर देण्याआधी

प्रिय बाळ,



परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, पहाटे उठून बस पकडते, घरी आले की अंग टाकते, बायबल उशाशी तसंच राहतं. मग देवाला पहिलं स्थान देते असं कोणत्या तोंडाने म्हणू?" मी उत्तर देणार तोच मागून कुणीतरी 'सिस्टर, सलाईन संपलं' म्हणून हाक मारली आणि तू फोन ठेवलास. बरंच केलंस. सलाईन आधी. पण तुझा प्रश्न मनात राहिला, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

नहेम्या आठव. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमची तटबंदी पडली आहे, वेशी जळाल्या आहेत, आणि त्याचा उतरलेला चेहरा पाहून राजाच विचारतो, तुला काय हवंय? राजासमोर उदास दिसणं हाही गुन्हा ठरू शकला असता. त्या घटकेला नहेम्याने आधी स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. प्रार्थनेला गुडघे टेकायला सवड नव्हती, राजा वाट पाहत होता. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढी जागा असते, तेवढ्यात ती झाली. मला हा प्रसंग सगळ्या शास्त्रात फार जवळचा वाटतो, कारण आपल्या कामात दिवसभर तेवढीच जागा मिळते. नातेवाईक अंगावर ओरडत येतो, डॉक्टर राउंडला काहीतरी विचारतात, म्हातारी आजी हात धरून म्हणते, "पोरी, मी वाचेन ना गं?" दरवेळी तोंड उघडण्याआधी एक श्वास असतो. तो देवाला दे.

मात्र त्याच पुस्तकाचा पहिला अध्यायही वाच. किसलेव महिन्यात त्याला ती बातमी कळली आणि राजापुढचा प्रसंग नीसान महिन्यातला. मधले काही महिने हा माणूस उपास करीत होता, रडत होता, रात्रंदिवस प्रार्थना करीत होता. त्या क्षणाची प्रार्थना त्याच्या ओठावर आली, ती या महिन्यांमुळे. म्हणून उशाशी ठेवलेलं बायबल उघडच. सकाळी नाही जमलं तर दुपारी, एखादा परिच्छेद का होईना. सुट्टी असेल त्या संध्याकाळी ताईबरोबर उपासना संगीतातलं एखादं गीत म्हण. लहानपणी रेव्हरंड टिळकांची गीतं तू सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणायचीस.

आता वॉर्डातल्या चार्टविषयी, कारण देवाला पहिलं स्थान तिथेही द्यायचं असतं. नाइटला पहाटे चारची वेळ वाईट. वॉर्ड भरलेला, सिस्टर दोन, त्यातली एक अत्यवस्थ पेशंटपाशी अडकलेली. अशा वेळी टेबलावर चार्ट पुढे ओढून सगळ्यांच्या रकान्यात १२०/८० भरून टाकण्याचा मोह होतो. मी असे चार्ट पाहिले आहेत. आख्ख्या वॉर्डाचं बीपी एका ओळीत सारखं, जणू रात्री कुणाला ताप आला नाही, कुणी घाबरलं नाही, कुणाचं हृदय दमलं नाही. बाळ, मोजलं नसेल तर रकाना मोकळा ठेव आणि सकाळी हँडओव्हरला स्पष्ट सांग की अमुक बेडचं चारचं बीपी राहिलं आहे. बोलणी बसतील. बसू देत. प्रभूने शपथा वाहू नका म्हणून सांगितलं आणि आपलं होय हे होय असावं, नाही हे नाही असावं, एवढंच मागितलं. नर्सचं होय आणि नाही त्या रकान्यात असतं. तिथे खोटं लिहून त्याच हाताने जेवणाआधी क्रुसाची खूण केली किंवा आपल्यासारखे हात जोडले, तर देव पहिला राहत नाही.

बोलण्याबद्दल तू विचारलंस, की पेशंटला 'देव बरं करील' म्हणावं का? तुला मनापासून तशी आशा असेल तर म्हण. पण देवाच्या वतीने वचन देऊ नकोस. ते देण्याचा अधिकार तुला नाही, मला नाही, पाळकसाहेबांनाही नाही. आणि आजाराचं कारण तर कधीच सांगू नकोस. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू घेऊन त्याच्या दुःखाचा हिशेब मांडू लागले. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. ते माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत, असं त्याने सांगितलं. देवाचा कैवार घेणाऱ्यांचं बोलणं देवाला मान्य झालं नाही, ही गोष्ट आपल्या मंडळीत कितीदा तरी वाचली जाते आणि प्रेतयात्रेहून परतताना विसरली जाते.

देवाच्या नावाआड काहीही बोलण्याची मला फार चीड आहे, म्हणून थोडं लिहितेच. 'त्यांच्या घरासाठी प्रार्थना करा बरं का, त्यांच्या सुनेचं असं असं ऐकलंय' हे बोलणं तू ऐकलंच असशील. चहाडीला प्रार्थनेचा पदर घातला की ती पवित्र होत नाही. तसंच 'देवाने मला दाखवलंय, हेच स्थळ तुझ्यासाठी आहे' म्हणून कुणी आलं, तर नम्रपणे सांग की तो मलाही दाखवील, तोवर थांबते. देवाचं नाव पुढे करून दुसऱ्याचं तोंड बंद करणं हे नाव व्यर्थ घेण्यातच जमा होतं असं मी समजते. 'प्रभूची इच्छा असेल तर येते' हेही तसंच. याकोबाने आपल्या पत्रात ते शिकवलं ते उद्याचा दिवस आपल्या हातात नाही हे आठवावं म्हणून. यायचंच नसेल तर सरळ नाही म्हणावं.

दौंडमार्गे गाडीने नगरला येतेस तेव्हा केडगाव लागतं. एकदा उतर तिथे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना तिथे आसरा दिला, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. पण आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं त्यांनी कशात घालवली, ते बघ. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, अडाणी बाईलाही कळावं अशा साध्या भाषेत. खिळे जुळवले, छपाई केली ती तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्याच बायकामुलींनी. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि ते बायबल १९२४ साली बाहेर आलं. एवढी संस्कृत पंडिता, सभा जिंकणारी, तिने आपली सगळी विद्या खाली ठेवली, कारण ऐकणारी बाई महत्त्वाची होती. म्हणून सांगते, वॉर्डात चर्चची भाषा बोलू नकोस. अभिषेक, आशीर्वाद, विजय हे शब्द त्या भेदरलेल्या आजीला काय कळणार? ती विठोबाचं नाव घेत असेल तर घेऊ दे. तिचा हात धर, पाणी पाज, डॉक्टर काय म्हणाले ते तिला समजेल असं सांग.

रविवारच्या ड्युटीचा जीवाला त्रास करून घेऊ नकोस. अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला प्रभूने शब्बाथाच्याच दिवशी सरळ उभं केलं आणि सभास्थानाच्या अधिकाऱ्याचा राग ओढवून घेतला. तुझी उपासना चुकली तर संध्याकाळच्या भक्तीला जा.

पगाराचा दशांश हप्त्यांच्या आधी काढतेस, हे ताईने सांगितलं. फार बरं वाटलं. पण वॉर्डातल्या आयामावशींकडून उसने घेतलेले पैसे त्याच दिवशी परत कर. पुदिना, शेप, जिरं यांचा दशांश काटेकोर मोजून न्याय आणि दया विसरणाऱ्यांना प्रभू काय बोलला, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे.

आणखी एक. ज्या बाईंसाठी प्रार्थना करा म्हणालीस, त्यांच्यासाठी रोज करते आहे. पुढेही कुणासाठी सांगायचं असेल तर नुसतं 'खिडकीजवळच्या आजी' एवढं सांगितलंस तरी चालेल. नाव, आजार, घरची भांडणं काही सांगू नकोस, ते तुझ्या वॉर्डातच राहू दे.

ताईला आणि भाऊजींना सलाम सांग. जेवणाचा डबा न विसरता नेत जा.

तुझी,
मावशी