गोधडी पुरी करायची घाई करू नकोस

सातारा

चि. राणीस,


तुझं पत्र मिळालं. ताईच्या सुती साड्या काढून तू गोधडी शिवायला घेतलीस आणि वर्षश्राद्धाच्या आत ती पुरी करायची म्हणतेस. घरातले म्हणतात, बरं झालं, हाताला काम मिळालं, तेवढाच विसर पडेल. आणि तू मला विचारतेस, मावशी, मग टाका घालताना ती जास्तच का आठवते?

आठवणारच गं. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. ज्याचं चित्र काढायला बसतो, त्याच्याकडे आपण जितकं बघतो तितकं एरवी घरातल्या माणसाकडेही बघत नाही. विसरायचं असेल त्याने दुसरं काही करावं, हे काम त्यासाठी नाही.

तुला अर्शिल गॉर्की या चित्रकाराबद्दल सांगते. हा आर्मेनियन, तुर्कस्तानातल्या वान सरोवराकाठचा. वडील कामासाठी अमेरिकेला गेलेले. त्यांना पाठवायला म्हणून १९१२ साली आई आणि मुलगा फोटोग्राफरकडे गेले. आई खुर्चीत बसलेली, डोक्यावरून वस्त्र घेतलेली, आणि मुलगा शेजारी हातात फुलं घेऊन. तीन वर्षांनी आर्मेनियन लोकांची कत्तल सुरू झाली. मायलेकरं जीव घेऊन पळाली, आणि १९१९ साली येरेव्हानमध्ये ती आई उपासमारीने गेली. पुढे अमेरिकेत गॉर्कीने त्या फोटोवरून चित्र करायला घेतलं, साधारण १९२६ साली. एक नाही, दोन कॅनव्हास. दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त तो त्यांच्याकडे परत परत येत राहिला. रंग लावायचा, वाळू द्यायचा, पात्याने खरवडून गुळगुळीत करायचा, पुन्हा लावायचा. आज एक न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे, दुसरं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. पुस्तकात बघशील तर आईच्या हातांकडे बघ. फोटोत ते मांडीवर नीट दिसतात, चित्रात मात्र नुसते पांढुरके आकार आहेत, बोटंसुद्धा नाहीत. फोटोतल्या एप्रनवरची फुलंही त्याने गाळली. चेहऱ्यावर मात्र त्याने जीव ओतलाय. डोळे काळेभोर, थेट आपल्याकडे रोखलेले. हात पुरे करायला त्याच्याकडे वेळ नव्हता असं कोण म्हणेल? मला वाटतं, त्याला ते संपवायचंच नव्हतं. चित्र संपलं की आईसमोरून उठावं लागतं.

त्याच्याजवळ निदान फोटो होता. आपल्या पंढरपूरचे चित्रकार हुसेन, १९१५ सालचा जन्म, दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा त्यांची आई गेली. फोटो नाही, चेहरा आठवत नाही, हे ते स्वतः सांगत. मदर तेरेसांची त्यांची चित्रं तू पाहिली आहेस. निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर मूल, आणि तोंडाच्या जागी पोकळी. जे नव्हतं ते त्यांनी मनाने रंगवलं नाही, जागा तशीच मोकळी ठेवली. एवढा प्रामाणिकपणा फार थोड्यांना जमतो.

आणि मुदतीचं म्हणशील, तर साने गुरुजींची आई १९१७ साली गेली आणि ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं. तिथे कुणाचं वर्षश्राद्ध आडवं आलं नाही.

आता तुझ्या गोधडीविषयी. जुनं सुती लुगडं आतल्या थरांना घे, सुई त्यातून अलगद जाते. सिंथेटिक साड्या घेऊ नकोस, थर सरकतात. जरीचा काठ अंगाला टोचतो, तो वेगळा काढून ठेव. बाहेरच्या कडेने धावदोरा घालत आत आत ये. त्या चॉकलेटी साडीच्या पदराला हळदीचे डाग असतील. ताईला हात पदराला पुसायची सवय होती, आमची आई त्यावरून तिला रागवायची. ते डाग घालवायचा प्रयत्न करू नकोस. निऱ्या खोचायच्या जागी कापड विरलं असेल, तिथे ठिगळ लाव, पण तो तुकडा टाकू नकोस. बाई रोज कुठे वाकायची, कुठे हात पुसायची, हे तिच्या साडीला माहीत असतं. तू ते आता एकेक टाक्याने वाचते आहेस, म्हणून तुला रडू येतं. येऊ दे. तेवढ्यापुरती सुई बाजूला ठेव.

साड्या कापल्या म्हणून कुणी नाराज असेल तर माझं नाव सांग. कपाटात घडी घालून ठेवलेल्या साड्यांना कसर लागते.

वर्षश्राद्धाला गोधडी अर्धी असली तर अर्धी असू दे. पाहुण्यांना ती दाखवायची नाही. मी त्या आठवड्यात येते आहे. एक कड माझ्यासाठी मोकळी ठेव, मलाही शिवायची आहे. ती तुझी आई होती, तशी माझी थोरली बहीणही होती.

तुझी,
मावशी