ऐकत नाहीं !

मराठींत ‘ऐकणें’ या क्रियापदाचे अर्थ दोन : शब्द कानीं पडणें हा एक, आणि सांगितलेलें मानणें हा दुसरा. घरांत ‘पोर ऐकत नाहीं’ अशी तक्रार निघाली म्हणजे आपण सारे दुसराच अर्थ धरून चालतों; पहिला कोणाच्या मनास शिवतहि नाहीं.

आमच्या पुतणीस नवव्या वर्षीं गालगुंडें झालीं. सूज उतरली, पोर खेळूं लागली, पण एके दिवशीं फोन डाव्या कानास लावून ती म्हणाली, “काका, पलीकडून कोणी बोलतच नाहीं.” उजव्या कानास लावतांच मामाचा आवाज आला ! त्याच दुपारीं आम्ही तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं नादकाटा वाजवून तिच्या कपाळाच्या मध्यावर टेकविला. डावा कान नुसता मळानें तुंबला असता तर नाद त्याच बाजूस मोठा वाटला असता. तिनें उजव्या कानाकडे बोट दाखविलें. इजा आंतील श्रवणेंद्रियास झाली होती. श्रवणमापनानेंहि तेंच सांगितलें.

अशी बधिरता कांहीं तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येते, व बहुधा एकाच कानास. म्हणूनच ती झांकून राहते. मूल आवाजाची दिशा चुकतें, गोंगाटांत बोलणें समजत नाहीं, कानांत गुंजतें किंवा चक्कर येते म्हणतें. गोवर, मेंदूच्या आवरणाचा दाह, डोक्यास बसलेला मार, हींहि याचीं कारणें होत. आवरणदाहानंतर तर आंतील शंखाकृति भागांत थोड्याच आठवड्यांत हाड धरूं शकतें. म्हणून मूल बरें दिसलें तरी कान त्वरित तपासावे. कोमट तेल घालून वाट पाहण्यांत मोलाचे दिवस जातात. कारण आंतल्या इजेवर स्टेरॉइड औषध द्यावयाचें झाल्यास पहिल्या दोन आठवड्यांतच त्याचा विशेष उपयोग; जितकें लौकर तितकें बरें.

गालगुंडानें गेलेला कान मात्र क्वचितच परत येतो. आमच्या पुतणीचा आला नाहीं. आतां ती वर्गांत उजवा कान बाईंकडे राहील अशी बसते. रस्त्यांत भोंगा कोणत्या बाजूनें वाजला हें तिला उमगत नाहीं, कारण दिशेचें ज्ञान दोन कानांच्या तुलनेनेंच होतें. तेव्हां हात धरावा लागतो. गालगुंडावर लस आहे, हें येथें सांगितलेलें बरें.

पोर ऐकत नाहीं असें वाटल्यास रागावण्यापूर्वी त्याच्या पाठीमागें उभें राहून, एकेक कान बोटानें बंद करून, हळूच त्याचें नांव घ्यावें. त्यानें वळून पाहिलें तर मग खुशाल रागवावें.