मीठ पचवणारं पाखरू

गमबुटाच्या टोकावर टकटक झाली म्हणून खाली पाहिलं, तर एक काळपट तपकिरी पाखरू बुटाला चिकटलेली शेवाळाची चिंधी उचकत होतं. मी पाय हलवला नाही. त्याने चिंधी उलटी केली, तिच्या खालून कोळंबीच्या पिल्लासारखा एक वळवळणारा कण टिपला आणि मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. मग उडी मारून मांडीवर आलं आणि जाकिटाचा लोंबणारा पट्टा ओढून पाहू लागलं. त्याच्या नखांचा स्पर्श जाड पँटमधूनही जाणवत होता.

फॉकलंड बेटांच्या वायव्य टोकाला कार्कस नावाचं छोटंसं बेट आहे, तिथली ही गोष्ट. अंटार्क्टिकाला जाणारी आमची बोट काही तासांसाठी थांबली होती. सगळे पेंग्विन पाहायला पुढे गेले आणि मी त्या पाखरापाशी बसून राहिले. पुरुषभर उंचीच्या टसॅक गवतात राहतं, म्हणून तिथले लोक त्याला टसॅकबर्ड म्हणतात. आकाराने आपल्या साळुंकीपेक्षा जरा लहान. अंगावर नाव घेण्यासारखा एकही रंग नाही. ओल्या खडकाचा जो रंग, तोच त्याचा.

शास्त्रात त्याच्या वंशाला सिंक्लोडिस म्हणतात. पंधराएक जाती, सगळ्या दक्षिण अमेरिकेतल्या. चिखलाची भट्टीसारखी घरटी बांधणारा ऑर्नेरो हा त्यांचा भाऊबंद. बहुतेक जाती अँडीज पर्वतात ओढ्याकाठी, दगडांवरून तुरुतुरु चालत किडे वेचतात. आपल्या सह्याद्रीत ओढ्याच्या दगडांवर करडा धोबी शेपूट हलवत फिरतो ना, साधारण तसंच राहणं. यांतले कित्येक गाताना पंख वर उचलून फडकवतात, जणू पाण्याच्या आवाजात आपलं गाणं ऐकू जाणार नाही, निदान हात तरी दिसावा. आणि याच घराण्यातले काही जण डोंगर उतरून थेट समुद्राकाठी आले.

हे वाटतं तितकं सोपं नाही. कोकणातल्या माणसाला लगेच कळेल: कालवं, गोगलगाई असल्या बिनकण्याच्या जिवांच्या अंगात समुद्राइतकाच खारटपणा असतो, मासळीच्या अंगात तेवढा नसतो. पेंग्विन आणि कुरव पक्षी खुशाल समुद्रावर जगतात, कारण त्यांच्या डोळ्यांजवळ ग्रंथी असतात आणि जास्तीचं मीठ नाकावाटे गळून जातं. चिमणीच्या गणातल्या पाखरांना असं काम करणाऱ्या ग्रंथीच नाहीत. खारं खायचं तर त्यांना सगळा भार मूत्रपिंडावर घ्यावा लागतो. चिलीच्या किनाऱ्यावर याच वंशातली एक जात जवळजवळ पूर्णपणे समुद्रातल्या जिवांवर जगते. तिची मूत्रपिंडं ओढ्याकाठच्या भावंडांपेक्षा मोठी असतात आणि त्यांतला मीठ आवळून काढणारा आतला भाग जास्त असतो.

मला सगळ्यात भावते ती मात्र तिची शेजारीण, उन्हाळा डोंगरातल्या ओढ्यावर आणि हिवाळा किनाऱ्यावर काढणारी जात. समुद्राचं खाणं सुरू झालं की तिचं मूत्र दाट होऊ लागतं. शरीर दर वर्षी नव्याने मिठाशी जुळवून घेतं. चिलीतल्या संशोधकांनी पक्ष्यांच्या शरीरातला कार्बन तपासून कुणाचं जेवण ओढ्याचं आणि कुणाचं समुद्राचं, हे ओळखून दाखवलं. घर सोडून आलेल्या माणसाच्या बोलण्यात दोन गावांचं पाणी कळतं, तसं.

इतकं सोसून किनाऱ्यावर टिकलेलं टसॅकबर्ड माणसाला घाबरत नाही. 1764 मध्ये फ्रेंच धर्मगुरू पेर्नेती फॉकलंड बेटांवर आला होता. डार्विनने त्याचा हवाला देऊन लिहिलं आहे की तेव्हा हे पाखरू जवळजवळ बोटावर येऊन बसे, आणि पेर्नेतीने हातातल्या काठीने अर्ध्या तासात अशी दहा मारली. डार्विन स्वतः इथे 1833 आणि 1834 मध्ये आला. त्यालाही ती धीट दिसली, फक्त पूर्वीइतकी नाही. माणसाची भीती थोडक्या काळात अंगी येत नाही, ती पिढ्यान् पिढ्या मुरत जाते, असं त्याचं मत पडलं. मांडीवर ते पाखरू घेऊन बसले असताना मला ती दहा आठवत होती. त्यांच्यातलं प्रत्येक असंच मान वाकडी करून पाहत असणार.

पण काठीपेक्षा वाईट होते जहाजांतून उतरलेले उंदीर. टसॅकबर्ड जमिनीलगत किंवा समुद्रपक्ष्यांच्या बिळांत घरटं करतं. उंदरांना अंडी आणि पिल्लं आयती मिळतात. म्हणून फॉकलंडची जी दोन मोठी बेटं, त्यांवर हे पाखरू आज सहसा पाहायला मिळत नाही. कार्कसवर उंदीर कधी पोचले नाहीत, मांजरंही नाहीत, म्हणून तिथे ते पायात पायात येतं. इतर काही बेटांवरचे उंदीर तिथल्या लोकांनी मोठ्या कष्टाने संपवले आहेत. डोंगरातल्या भावंडांचे हाल याहून वाईट. पेरूमध्ये उंचावरच्या दलदलीत राहणारी पांढऱ्या पोटाची जात पीटची माती खणून नेल्यामुळे आणि खाणींमुळे नाहीशी व्हायला आली आहे. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरझाडीतली आणखी एक जात जळणासाठी झाडं तुटल्यामुळे त्याच वाटेवर आहे.

असं परकं काही बेटावर पोचू नये म्हणून उतरण्याआधी बोटीवर आम्हाला बूट घासायला लावले होते, बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटकायला लावले होते. तेव्हा मी कुरकुरले होते. हल्ली महाराष्ट्रातून अंटार्क्टिकाच्या सफरीला जाणारे पुष्कळ आहेत. तुम्ही त्या बाजूला गेलात तर कप्पे नीट झटका, शिवणीत अडकलेलं गवताचं बीसुद्धा काढा, आणि बॅग उघडी टाकून ठेवू नका. किनाऱ्यावर पोचल्यावर दोन मिनिटं पाय न हलवता बसा. ते येईल.