शरणपुराच्या वेशीवरील शिपाई

सातारा व सांगली या जिल्ह्यांत शिपाईगिरीचे कौतुक कोणास शिकवावे लागत नाही. साताऱ्याजवळील अपशिंगे गावच्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण वेचले, आणि गावाच्या नावास ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. मात्र आपण शौर्य मोजतो ते जिंकलेल्या ठाण्यांवरून. ज्याला जिंकावयाचे असे काहीच नाही, केवळ आश्रयास आलेल्यांस राखावयाचे आहे, त्या शिपायाचे माप कोणते?

आश्रित आपल्या मुलखास नवे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरनजीक वळिवड्यास सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्यातील आजारी मंडळी पाचगणीच्या हवेत ठेवीत. पण येथे त्यांचा पाठलाग करीत कोणी आले नव्हते. कोरियात तसे नव्हते.

१९५३ साली तेथील युद्ध थांबले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातील २२,००० हून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशी जाण्यास नाकबूल होते. नावाने ते युद्धकैदी; वस्तुतः निराश्रितच. त्यांच्यासाठी हिंदुस्थान, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचे मंडळ नेमले गेले. अध्यक्ष जनरल थिमय्या. पहारा मात्र एकट्या हिंदी सैन्याकडे आला, व त्याचे अधिपती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. आपल्या भूमीस या सैन्याचे पाऊल लागू देणार नाही, असा दक्षिण कोरियाच्या सरकारचा हट्ट; म्हणून जवानांस जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले!

कुंपणाच्या आत खरी सत्ता कैद्यांच्या पुढाऱ्यांची होती. घरी परत जावे असे ज्याच्या मनात येई, त्याने ते ओठांवर आणले तर मारहाण ठरलेली. काहींचे तर खून झाले. असा मनुष्य संधी साधून पळे व हिंदी पहारेकऱ्यास गाठी. जुन्या करारातील शरणपुरांचा नियम असा, की येणाऱ्याने वेशीपाशी उभे राहून नगरातील वडीलजनांस आपली हकीकत सांगावी. येथे येणाऱ्याची भाषा चिनी वा कोरियन, आणि वेशीवरच्या शिपायाला त्यातील एक अक्षर कळत नसे. तरीही त्याला आत घेऊन सुरक्षित ठेवणे हे त्या शिपायाचे काम होते. लढाईच्या कवायतीत हा धडा नसतो.

सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका हिंदी मेजरला ओलीस धरले. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, त्या खवळलेल्या जमावाशी बोलले आणि मेजरला सोडवून घेऊन आले. परंतु सर्वच प्रसंग शब्दांनी निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी गोळीबार झाला व ज्यांना राखावयाचे त्यांच्यातीलच काहीजण मेले. ही गोष्ट झाकून थोरातांच्या सैन्याची स्तुती करणे मला प्रशस्त वाटत नाही.

उलट, संख्याबळ अपुरे असले म्हणजे काय होते, ते दक्षिण सुदानमधील आकोबो येथे दिसले. १९ डिसेंबर २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या तेथील लहानशा ठाण्यात जीव मुठीत धरून आलेल्या लोकांवर मोठा सशस्त्र जमाव चालून आला. दोन हिंदी जवान तेथे पडले, व त्यांच्या आश्रयास आलेल्यांपैकीही कित्येक मारले गेले. वेस राहिली नाही. पण ते दोघे वेशीवरून हलले नव्हते, हे आपल्या मुलांस सांगितले पाहिजे.

कोरियातील कैद्यांची मुदत जानेवारी १९५४ मध्ये संपली. चिन्यांपैकी बहुतेक तैवानला गेले, कोरियनांपैकी बहुतेक दक्षिणेत. ८८ जणांस मात्र दोन्ही बाजू नकोशा होत्या. ते आपल्या पहारेकऱ्यांबरोबरच हिंदुस्थानात आले. पुढे त्यांतील पुष्कळ ब्राझील, अर्जेंटिना अशा दूरच्या देशी गेले. थोडे येथेच राहिले.