मडगावचा ट्रम्पेट

रिओ दि जानेरोमध्ये 1958 साली जुआंव जिल्बेर्तो याने 'शेगा दे सौदादे' हे आंतोनियो कार्लोस जोबिमने स्वरबद्ध केलेले गाणे ध्वनिमुद्रित केले आणि बोसा नोव्हा ही गायनरीती, म्हणजे सांबाचा मिरवणुकीतला ताल एका गिटारवर उतरवून त्याच्या साथीने जवळजवळ बोलल्यासारखे गाण्याची रीत, पाहता पाहता जगभर पोचली. या रीतीत वादकाचा अंगठा खालच्या स्वरांवर ठोका धरून ठेवतो, उरलेली बोटे मात्र स्वरांचा मेळ त्या ठोक्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे छेडतात, आणि याच ओढाताणीत तिचा सारा डौल असतो. ज्या पोर्तुगीजांनी ब्राझीलचा काजू जहाजांतून गोव्यात आणला, त्यांच्याच राजवटीत गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीताचे गुरुजी, मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवू लागले. त्यामुळे समुद्राच्या दोन टोकांना असलेल्या या दोन भूमींचे संगीत परस्परांना फारसे परके राहिले नाही.

मडगावजवळच्या बोरड्यात 1928 साली जन्मलेले ख्रिस पेरी, मूळ नाव क्रिस्तोवांव परेरा, हे या परंपरेतील असामान्य वाद्यवृंदप्रमुख होत. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्ये ते सफाईने वाजवत. मुंबई-कलकत्त्याच्या नाइटक्लबांत पाहुण्यांना इंग्रजी आणि लॅटिन अमेरिकी धुनींवर नाचवणाऱ्या त्यांच्या बँडमध्ये मुंबईची तरुण गायिका लॉर्ना कॉर्देरो आली, आणि क्लबात कमावलेले सारे कसब पेरी यांनी कोकणी कांतारांकडे, म्हणजे तियात्र या गोव्याच्या संगीतनाट्याने लोकप्रिय केलेल्या गीतांकडे, वळवले. गीत त्यांचे, चाल त्यांची, वाद्यमेळही त्यांचाच. 'बेबदो', 'पिसो', 'लिस्बोआ' आणि 'नाचुंया कुंपासार' ही गाणी याच काळाची देणगी आहे.

पेरी यांना बोसा नोव्हाचे अनुयायी म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. जिल्बेर्तोने आवाज इतका खाली आणला की श्वासही ऐकू यावा. पेरी यांनी लॉर्नाचा जाड, किंचित खरखरीत, भरदार आवाज पितळी वाद्यांच्या बरोबरीने उभा केला, आणि तरीही शब्द कुठे बुडू दिला नाही. ट्रम्पेटला झडपा फक्त तीन, म्हणून बाकीचे स्वर ओठांच्या ताणातून आणि फुंकरीच्या जोरावरच काढावे लागतात. अशा वाद्यावर हयात घालवलेल्या माणसाला गायिकेचा श्वास कुठे तुटेल आणि तिथे वाद्यांनी किती जागा भरावी, हे अचूक उमगले असावे. ही जाण जोबिमच्या स्वररचनांइतकीच मोलाची आहे, जरी जगाने तिची दखल फार कमी घेतली.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि लॉर्नाचा आवाज दीर्घकाळ ऐकू आला नाही. 1995 मध्ये ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. पेरी यांचे 25 जानेवारी 2002 रोजी निधन झाले. बार्द्रॉय बार्रेतो यांनी या दोघांच्या जीवनावर बेतलेला, पेरी यांच्या गाण्यांतूनच उलगडणारा 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट काढला, आणि 62 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला. मराठी वाचकाने चित्रपट अवश्य पाहावा, पण त्याआधी मूळ ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात, आणि लॉर्ना थांबते तिथे ट्रम्पेट काय करतो याकडे कान द्यावा.