चाकांवरचे घर, पण नावावर कुणाच्या?

भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, याचे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. न्यूझीलंडला मी असे बिऱ्हाड खरोखरच चार चाकांवर चालताना पाहिले. एकाच गाडीत शेगडी, पाण्याची टाकी, बेसिन, निजायची सोय आणि कोपऱ्यात संडास. या गाडीला तिकडे मोटरहोम म्हणतात.

माझा भाचा सिंगापूरला नोकरीला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने तीन महिन्यांची रजा काढली. बायको-मुलीला घेऊन न्यूझीलंड फिरायचे. एवढे दिवस भाड्याची गाडी परवडत नाही, म्हणून जुनी मोटरहोम विकत घ्यायची आणि परतताना विकून टाकायची, असा त्याचा हिशेब. "मामा, तुम्ही आणि मामी पहिला दीड महिना तरी चला. कागद बघायला तुमच्यासारखा माणूस हवा," असे म्हणून तिकिटेही त्यानेच काढली. बावीस वर्षे कारकुनी करताना साठलेली अर्जित रजा कामी आली आणि आम्ही ऑकलंडला उतरलो.

परदेशी पाहुण्याच्या नावावर गाडी होते का, ही माझी पहिली शंका. चौकशी केली तर होते! त्यासाठी त्या देशाचे नागरिकत्व लागत नाही. पासपोर्टसारखा ओळखीचा पुरावा आणि तिथला पत्ता पाहिजे. घेणाऱ्याने 'एमआर १३ बी' नावाचा फॉर्म भरायचा, विकणाऱ्याने आपली सूचना वेगळी द्यायची. हे काम पोस्टाच्या काउंटरवरही होते. आम्ही जिच्याकडे उतरलो होतो त्या घरमालकिणीची परवानगी घेऊन तिचा पत्ता दिला. परवानगी अशासाठी, की दंडाची नोटीस निघाली तर ती त्याच पत्त्यावर जाते.

इतके सोपे काम पाहून भाचा खूश झाला. मी मात्र सावध झालो. फॉर्म वाचताना माझ्या ध्यानात आले, की नोंदवहीत ज्याचे नाव असते तो 'नोंदणीकृत व्यक्ती', म्हणजे गाडीबद्दल सरकारला जबाबदार असलेला माणूस. तो मालकच असेल असे नाही. नोंदणीचा कागद हा मालकीचा पुरावा नव्हे.

पहिली गाडी आम्हाला फार आवडली होती. पांढरी, डिझेलवर चालणारी, आतून स्वच्छ. विकणारा गृहस्थ बोलायला गोड, पण घाईत. पैसे आजच द्या म्हणाला. "मामा, नोंदणी त्याच्याच नावावर आहे, मी बघितले," भाचा म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, सातबारावर नाव असले म्हणजे जमिनीची मालकी कोर्टात सिद्ध होते का? तो महसुलाचा कागद. हेही तसेच समज."

त्या देशात एक सरकारी नोंदवही आहे. मोटारीसारख्या वस्तूंवर कुणी कर्ज दिले असेल, तर सावकार आपला हक्क तिच्यात नोंदवतो. १९९९ च्या कायद्याने ही व्यवस्था केली. थोडी फी भरून गाडीच्या नंबरावरून कुणालाही शोध घेता येतो. भाच्याने शोध घेतला, तर त्या पांढऱ्या गाडीवर एका कर्ज कंपनीचा बोजा निघाला! खासगी व्यवहारात अशी गाडी घेतली आणि विकणाऱ्याने हप्ते थकवले, तर कंपनी गाडी उचलून नेऊ शकते. गाडी नेली तर घेणाऱ्याचे पैसेही गेले. भाच्याची दोन वर्षांची बचत त्या दिवशी वाचली. तो रात्रभर काही बोलला नाही.

दुसरी गाडी आम्ही नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतली. तिथे दर थोडा जास्त, पण अशा जुन्या बोजापासून ग्राहकाला कायद्याचा आधार असतो. या वेळी एकेक बाब ताडून पाहिली. रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा तपासणीचा दाखला विक्रीच्या वेळी महिन्याच्या आतला लागतो, तो पाहिला. नोंदणी एकदाच होते, पण गाडी चालवण्याचा परवाना शुल्क भरून वेळोवेळी वाढवावा लागतो, त्याची मुदत पाहिली. डिझेलच्या गाडीला रस्ताकर पंपावर लागत नाही. तो हजार हजार किलोमीटरच्या हिशेबाने आगाऊ भरायचा असतो. म्हणून काचेवरच्या चिठ्ठीतला आकडा आणि मीटरचा आकडा ताडून पाहिला.

विम्याने मला चकित केले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. तिथे सक्ती नाही. अपघातात इजा झाली तर उपचाराचा भार सरकारी योजना उचलते, पाहुण्याचासुद्धा. पण दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान केले तर ते आपल्या खिशातून. सक्ती नसली तरी भाच्याला मी विमा घ्यायलाच लावला.

मग प्रवास सुरू झाला. तिकडेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे अडचण आली नाही. वेलिंग्टनहून गाडीसकट बोटीत चढलो आणि सुमारे साडेतीन तासांनी दक्षिण बेटावर पिक्टनला उतरलो. गाडी आहे म्हणून वाटेल तिथे मुक्काम करता येत नाही. २०११ पासून यासाठी कायदा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने नगरपालिकांच्या जागेवर साधारणपणे प्रमाणपत्र असलेल्या गाडीलाच रात्री राहता येते, आणि प्रमाणपत्रासाठी आत पक्का बसवलेला संडास हवा. आम्ही गेलो तेव्हा जुनी निळी आणि नवी हिरवी, अशी दोन्ही कार्डे गाड्यांवर दिसत. ज्याने त्याने आपली घाण आपल्याबरोबर न्यायची आणि ठरलेल्या जागीच रिकामी करायची, हा नियम मला मनापासून पटला.

टेकापो तळ्याकाठी पैसे भरून मुक्काम केला. तिथले आकाश इतके काळे, की चांदण्या हाताला लागतील असे वाटे. आमच्या सौ.ने पिठले-भात केला आणि म्हणाली, "घर चांगलं आहे हो. पण सकाळी दार कुठं उघडायचं, याचा नेम नाही!"

आम्ही परतलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाच्याने ख्राइस्टचर्चला गाडी विकली. फोनवर तो किमतीचे सांगू लागला, तर मी आधी विचारले, "विकल्याची सूचना दिलीस का?" ती दिली नाही, तर नव्या मालकाचे दंड जुन्याच्या नावावर येत राहतात.

"दिली मामा, पैसे मोजायच्या आधी दिली," तो म्हणाला. तेव्हा कुठे मी किंमत विचारली.

वाचकहो, आपली मुले आता देशोदेशी जातात, गाड्या घेतात, घरेही घेतील. त्यांना एवढेच सांगा, की कागदावर नाव आहे एवढ्याने भागत नाही. ते नाव कशासाठी लिहिले आहे, तेही वाचायला शिका.